फोटो फ्रेमचं बिल एवढं का येतं? मॅट, माउंटिंग आणि त्यामागचा हिशेब

आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो घेऊन आपण फ्रेमच्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "माउंट घालायचा का?" माउंट म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि बिल वाढणार एवढंच कळतं, म्हणून बरेच जण "नको, साधीच करा" म्हणून मोकळे होतात. काही पावसाळे गेले की फोटो काचेला चिकटलेला दिसतो. निगेटिव्ह तर कधीच हरवलेली असते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढं समजून घ्या.

मॅट वेगळा, माउंटिंग वेगळं

आपल्याकडे दुकानांत दोन्हीला "माउंट"च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. फोटोभोवती दिसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट म्हणजे मॅट. फोटो मागच्या बोर्डावर बसवण्याचं काम म्हणजे माउंटिंग. दोन्हींचे पैसे वेगळे लागतात.

मॅट फक्त शोभेसाठी नसतो

जुन्या फोटोंच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला टेकलेला असेल तर तिथेच चिकटतो. मॅटमुळे फोटो आणि काच यांच्यात साधारण दीड मिलिमीटरची फट राहते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांसाठी ही फट फार मोलाची आहे.

मॅटचा दर्जाही बघायला हवा. साध्या लगद्याच्या बोर्डात काळानुसार आम्ल तयार होतं आणि फोटोच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. अ‍ॅसिड-फ्री किंवा कापसाच्या तंतूंचा बोर्ड महाग असतो, पण असे डाग पाडत नाही.

बिल कसं बनतं?

दर शहरानुसार आणि मालानुसार बदलतात, पण हिशेबाची पद्धत साधारण सारखी असते. फ्रेमची पट्टी फुटावर मोजतात. काच, मॅट आणि मागचा हार्डबोर्ड चौरस फुटावर. मजुरी वेगळी.

12 × 18 इंचांचा फोटो घेऊ.

- मॅटशिवाय: काच 1.5 चौरस फूट. परिघ 60 इंच. पट्टी 1 इंच रुंद असेल तर चार कोपऱ्यांच्या तिरक्या कापात आणखी 8 इंच जातात. एकूण 68 इंच, म्हणजे हिशेबाला 6 फूट.
- चारही बाजूंनी 3 इंच मॅट घातल्यावर: बाहेरचं माप 18 × 24 इंच. काच 3 चौरस फूट, म्हणजे थेट दुप्पट. पट्टी 92 इंच, म्हणजे 8 फूट.

फोटो तेवढाच आहे, पण मॅटमुळे काच, हार्डबोर्ड आणि पट्टी सगळंच वाढलं. मॅटचे पैसेही पूर्ण 18 × 24 चे लागतात, कारण मधून कापून काढलेला तुकडा गिऱ्हाइकाच्याच खात्यात जातो.

पैसे वाचवण्याची एक सोपी युक्ती आहे. मॅट बोर्डाचं नेहमीचं शीट 32 × 40 इंचांचं असतं. त्यातून 16 × 20 चे चार तुकडे निघतात. तेच माप 17 × 21 केलं तर दोनच निघतात. म्हणून "शीटमध्ये बसेल असं माप कुठलं?" हे दुकानदाराला जरूर विचारा.

एकाच मॅटमध्ये पाच फोटो बसवायचे असतील तर मजुरी वाढणारच. प्रत्येक खिडकीला 45 अंशांत चार काप घ्यावे लागतात आणि एक काप जरी पुढे गेला तरी अख्खा बोर्ड वाया जातो.

फोटो बसवायचा कसा?

स्वस्त पद्धत म्हणजे गोंद लावून फोटो सरळ बोर्डावर चिकटवणं. पोस्टरला हे चालतं. ड्राय माउंटिंगमध्ये चिकट कागद उष्णतेने दाबतात. फोटो सपाट बसतो, पण नंतर सहसा सुटत नाही.

ज्याची दुसरी प्रत नाही असा फोटो मात्र वरच्या कडेला कागदी बिजागऱ्या लावून टांगतात. त्यासाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. हवेतल्या ओलाव्यानुसार कागद फुगतो आणि आकसतो. खालची बाजू मोकळी असली की तो सुरकुतत नाही. पुढे फ्रेम बदलायची झाली तर फोटो सुखरूप निघतो.

घरात रविवर्मा प्रेसची जुनी छापील तसबीर असेल तर आणखी जपा. हा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. अशा तसबिरींच्या समासात बऱ्याचदा प्रेसचं नाव छापलेलं असतं. फ्रेममध्ये बसावं म्हणून समास कापला की ती ओळखच जाते.

ऑर्डर देताना हे विचारा

1. मॅट आणि मागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री आहे का?
2. फोटो कशाने बसवणार? नंतर निघेल का?
3. फोटोच्या कडा कापणार का?
4. पट्टी, काच, मॅट, माउंटिंग आणि मजुरी पावतीवर वेगवेगळी लिहून द्याल का?

बजेट कमी असेल तर नक्षीदार पट्टी सोडा आणि साधी घ्या. मॅट आणि माउंटिंगमध्ये काटकसर नको. पट्टी कधीही बदलता येते.

आणि फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर ओढू नका, पाणीही लावू नका. काचेसकट तसाच ठेवा, काचेवरूनच स्कॅन करून घ्या आणि जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा.