कल्याणची यमू

दिवाळी म्हटली की माहेर आठवते. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी तर माहेर बहुधा सायीसारखे मऊ रंगविले. जाच काय तो सासरी! पण कल्याणच्या गणपतराव जोशांच्या घरातील यमू निराळेच सांगून गेली. कॅरोलाइन डॉल या बाईंनी 1888 साली अमेरिकेत तिचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात आईविषयी तिने सांगितलेली हकीकत आहे. आई प्रेमाने कधी बोललीच नाही, आणि शिक्षा करायची तर दगड, काठ्या, जळते निखारेसुद्धा!

ही यमू म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी. 1874 साली, वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यातील बिजवर गोपाळरावांशी तिचे लग्न झाले. इतर घरी स्वयंपाक बिघडला म्हणून बायको मार खाई. येथे अभ्यास टाकून चुलीपाशी बसली म्हणून! सुधारणेचा मार तो. पण पाठीला दोन्ही सारखेच. पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात तिने लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, टाकून जाण्याच्या धमक्या, सारे वयाच्या हिशेबासह मांडले. त्याच पत्रात त्याचे ऋणही मानले. मला तर हे पत्र कोणत्याही कादंबरीहून मोठे वाटते.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमूच, हा योगायोगच म्हणायचा. ती ‘करमणूक’मधून 1890 पासून वाचकांपुढे आली, पण तिच्या घरातले दुष्ट चटकन ओळखू येतात. गोपाळरावांना त्या रांगेत बसविता येत नाही, आणि सोडूनही देता येत नाही. श्री. ज. जोशांनी 1968 साली ‘आनंदी गोपाळ’ लिहिली तेव्हा हाच पेच कादंबरीचा विषय झाला. ज्याने मारले त्यानेच घडविले, असे घर मराठी कादंबरीला तोवर फारसे ठाऊक नव्हते. 2019 साली चित्रपट निघाला. त्यातले गोपाळराव मला किंचित अधिकच लोभस वाटले.

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास आनंदीबाई वारल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अमेरिकेत ज्यांच्या घरी त्या राहिल्या, त्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. गोपाळरावांनी रक्षा कल्याणला नेली नाही. ती त्या मावशीकडे धाडली, आणि पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली.