रुळांविना ५८ वर्षे : ओकिनावातील लोहमार्गाचा लोप आणि ‘युई रेल’चे आगमन

प्रास्ताविक

जपानची रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी उभी राहते. वक्तशीरपणा, वेग आणि तंत्रकौशल्य यांचे प्रतीक म्हणून तिचा उल्लेख नेहमी केला जातो. परंतु याच जपानमध्ये असा एक प्रांत होता, की जेथे १९४५ ते २००३ या प्रदीर्घ काळात सार्वजनिक प्रवासी रेल्वे अस्तित्वातच नव्हती. हा प्रांत म्हणजे जपानच्या नैर्ऋत्य टोकाचा द्वीपसमूह, ओकिनावा. १० ऑगस्ट २००३ रोजी त्याची राजधानी नाहा येथे ‘युई रेल’ ही मोनोरेल सुरू झाली आणि ५८ वर्षांचा हा खंड संपला.

नोकरदार आणि पर्यटक यांची सोय करणारी एक आधुनिक नागरी वाहतूक व्यवस्था, असे युई रेलचे वर्णन सर्वसाधारणपणे केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ओकिनावातील पहिली रेल्वे का नाहीशी झाली, ती पुन्हा का उभारली गेली नाही आणि अखेर रेल्वे परतली ती मोनोरेलच्याच रूपात का, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञानापेक्षा जमिनीच्या इतिहासात अधिक सापडतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पहिली रेल्वे आणि ट्राम

ओकिनावा हे मूळचे स्वतंत्र र्‍युक्यू राज्य. १४२९ साली एकत्र आलेल्या या राज्याची राजधानी शुरी येथे होती, तर नाहा हे तिचे बंदर होते. १८७९ मध्ये जपानने हे राज्य बरखास्त करून त्याचा ओकिनावा प्रांत बनविला. पुढे ३५ वर्षांनी, म्हणजे १९१४ साली, येथे लोहमार्गाचे युग सुरू झाले. त्या वर्षी मे महिन्यात नाहा आणि शुरी यांना जोडणारी विजेची ट्राम धावू लागली आणि डिसेंबरमध्ये नाहा ते योनाबारू हा प्रांतिक रेल्वेचा पहिला मार्ग खुला झाला. १९२२ साली उत्तरेकडे कादेना आणि १९२३ साली दक्षिणेकडे इतोमान येथपर्यंत रूळ पोहोचले.

अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या या छोट्या रेल्वेला लोक ‘केइबिन’, म्हणजे हलकी रेल्वे, म्हणत. तिन्ही मार्गांची एकत्रित लांबी ४५ किलोमीटरहून अधिक होती. शेतकरी, विद्यार्थी, बाजारकरी आणि साखर कारखान्याकडे जाणारा ऊस या सर्वांना ती वाहून नेत असे. विस्ताराने लहान असली तरी ती खेड्यांना शहराशी जोडणारी रेल्वे होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ट्रामचे आयुष्य मात्र अल्प ठरले. बसगाड्यांच्या स्पर्धेपुढे तिचा निभाव लागला नाही आणि १९३३ साली ती बंद पडली. म्हणजे रस्ता आणि रूळ यांच्यातील झगडा ओकिनावाला युद्धापूर्वीच परिचित होता.

युद्ध आणि रुळांचा लोप

मार्च १९४४ मध्ये ओकिनावाच्या संरक्षणासाठी जपानी लष्कराची ३२ वी सेना स्थापन झाली आणि लवकरच केइबिन रेल्वे लष्करी वाहतुकीला जुंपली गेली. १० ऑक्टोबर १९४४ रोजीच्या हवाई हल्ल्यात नाहा शहराचा सुमारे ९० टक्के भाग जळून गेला. त्यानंतर ११ डिसेंबर रोजी इतोमान मार्गावर दारूगोळा वाहून नेणार्‍या गाडीत भीषण स्फोट झाला. सैनिकांबरोबरच शाळकरी विद्यार्थीही त्या गाडीतून प्रवास करीत होते. या दुर्घटनेत २०० हून अधिक माणसे दगावली. मार्च १९४५ मध्ये रेल्वेसेवा थांबली आणि १ एप्रिल रोजी अमेरिकन सैन्य मुख्य बेटावर उतरले.

जूनअखेरपर्यंत चाललेल्या या लढाईत ओकिनावाच्या लोकसंख्येपैकी सुमारे चतुर्थांश लोक मृत्युमुखी पडले. शुरीच्या राजवाड्याखाली ३२ व्या सेनेचे भुयारी मुख्यालय होते. त्यामुळे राजवाडाही भस्मसात झाला. रेल्वेची स्थानके, पूल आणि डबे यांची गतही तीच झाली.

तथापि, युद्धाने नष्ट झालेली रेल्वे पुन्हा उभी राहू शकत नाही, असा नियम नाही. जपानच्या मुख्य भूमीवरील अनेक शहरे बेचिराख झाली होती, पण तेथील रेल्वे सावरली. ओकिनावात तसे झाले नाही, याचे कारण युद्धात नव्हे, तर युद्धोत्तर राजवटीत शोधावे लागते.

रस्त्यांचा कालखंड

१९४५ ते १९७२ अशी २७ वर्षे ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते. या काळात मुख्य बेटावरील सपाट व सुपीक जमिनीचा मोठा भाग लष्करी तळांसाठी घेतला गेला. कादेनाकडे जाणारी केइबिन रेल्वे ज्या पट्ट्यातून धावत असे, त्याच पट्ट्यात तळ आणि लष्करी रस्ते आले. उरलेसुरले रूळ भंगारात गेले. नव्या राज्यकर्त्यांना तळ आणि बंदर यांना जोडणारे रुंद रस्ते हवे होते. रेल्वेची त्यांना गरज नव्हती. त्या काळातील ‘लष्करी मार्ग क्रमांक १’ हाच आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५८ होय.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान शिंकान्सेन धावू लागली. त्याच्या दोनच आठवडे आधी तोक्योत हानेदा विमानतळाकडे जाणारी मोनोरेल सुरू झाली होती. जपानी रेल्वेच्या या वैभवाच्या वर्षी ओकिनावातील नागरिक मात्र डॉलरमध्ये व्यवहार करीत होता आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकीत होता. १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानला परत मिळाले. वाहने जपानप्रमाणे डाव्या बाजूने धावू लागली, ती मात्र ३० जुलै १९७८ पासून. एका रात्रीत वाहतुकीची बाजू बदलता आली, पण मोटारीवर विसंबलेली जीवनपद्धती तशी बदलता आली नाही. नाहा शहराची वाढ रस्त्यांच्या आधारेच होत राहिली आणि वाहतुकीची कोंडी हा तेथील नित्याचा अनुभव बनला.

मोनोरेलच का?

या परिस्थितीत जमिनीवरून साधी रेल्वे नेणे दुर्घट होते, कारण शहरात रुळांसाठी जागाच शिल्लक नव्हती. येथे १९७२ सालचा एक राष्ट्रीय कायदा उपयोगी पडला. नागरी मोनोरेलच्या उभारणीस उत्तेजन देणारा हा कायदा आणि त्यापाठोपाठ १९७४ साली सुरू झालेली अनुदान पद्धती यांमुळे मोनोरेलचे खांब व तुळया रस्त्याचाच एक भाग मानल्या जाऊ लागल्या. त्या उभारण्याचा भार रस्त्यांसाठी जबाबदार असलेल्या शासनसंस्थेने उचलावयाचा आणि गाड्या, वीजपुरवठा व संचालन कंपनीने पाहावयाचे, अशी ही विभागणी होती.

या व्यवस्थेचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. रस्त्यांनी ज्या भूमीतून रेल्वेला हद्दपार केले होते, तेथे रेल्वे परतली ती कायद्याने रस्त्याचे अंग होऊनच. काँक्रीटच्या एकाच तुळईला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन, रबरी चाकांवर धावणारी ही गाडी अरुंद जागेतून वळू शकते आणि शुरीच्या टेकडीचा चढही चढू शकते. भूगोल आणि अर्थकारण या दोहोंनी मोनोरेलच्या बाजूने कौल दिला.

१९८२ साली प्रांत आणि नाहा नगर यांच्या सहभागातून ओकिनावा नागरी मोनोरेल कंपनी स्थापन झाली. प्रत्यक्ष बांधकाम मात्र १९९६ मध्ये सुरू झाले. मधल्या १४ वर्षांत प्रकल्पाच्या आर्थिक भवितव्याबरोबरच बस कंपन्यांच्या मार्गांची फेररचना हाही प्रश्न सोडवावा लागला. १९३३ साली ट्रामला हटविणार्‍या बसशी या वेळी रुळांना तडजोड करावी लागली. अखेर विमानतळ ते शुरी हा १५ स्थानकांचा, सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. नाहा ते शुरी ही बंद पडलेली वाट ७० वर्षांनी पुन्हा रुळांवर आली.

‘युई’ हे नाव ‘युइमारू’ या ओकिनावी शब्दावरून घेतले आहे. शेतीच्या कामात शेजार्‍यांनी आळीपाळीने एकमेकांना मदत करावयाची, अशी ती रीत. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक यांच्याशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

मार्ग आणि स्मृती

युई रेलच्या स्थानकांचा क्रम पाहिला असता बेटाचा इतिहासच क्रमाने उलगडत जातो. आसाहिबाशी स्थानकालगतचा बसतळ ज्या जागी आहे, तेथेच केइबिन रेल्वेचे नाहा स्थानक होते. बसतळाच्या पुनर्बांधणीच्या वेळी तेथे इंजिन फिरविण्याच्या चक्राचे अवशेष सापडले आणि ते जतन करण्यात आले. ओमोरोमाची स्थानकाभोवतीचे नवे व्यापारी केंद्र १९८७ साली पूर्णतः परत मिळालेल्या अमेरिकन लष्करी वसाहतीच्या जागेवर वसले आहे. मे १९४५ मधील घनघोर संग्रामाची ‘शुगर लोफ’ टेकडीही तेथून जवळच आहे.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी हा मार्ग शुरीच्या पुढे ४.१ किलोमीटर वाढला आणि उरासोए शहरातील तेदाको-उरानिशी येथवर पोहोचला. ‘तेदाको’ म्हणजे सूर्यपुत्र. शुरीच्याही आधी जेथे राजसत्ता नांदली, त्या उरासोएच्या प्राचीन राजाचे हे बिरुद. या आनंदाला महिनाही झाला नव्हता, तोच ३१ ऑक्टोबर रोजी शुरी राजवाड्याचे १९९२ साली पुन्हा बांधलेले मुख्य दालन आगीत जळून गेले. २०२२ मध्ये त्याची पुनर्बांधणी सुरू झाली.

प्रवासी कोण?

या रेल्वेचा खरा प्रवासी कोण, हा प्रश्न आरंभापासून तिच्यापुढे आहे. २००३ मध्ये ओकिनावाला वर्षाकाठी सुमारे ५० लाख पर्यटक येत. २०१८ च्या सुमारास ही संख्या १ कोटीच्या घरात गेली. त्या सुमारास युई रेलने दररोज सरासरी ५० हजारांहून अधिक लोक प्रवास करू लागले आणि दोन डब्यांच्या गाड्या अपुर्‍या पडू लागल्या. विमानतळावरून सामान घेऊन येणारा पाहुणा आणि नगर रुग्णालयाकडे निघालेली वृद्धा यांना एकाच डब्यात उभे राहावे लागे. महासाथीच्या काळात पर्यटक आटले तेव्हा कंपनीचे उत्पन्नही घसरले. म्हणजे ज्या गर्दीची तक्रार होती, तीच तिचा आधारही होती. १० ऑगस्ट २०२३ रोजी, बरोबर २० व्या वर्धापनदिनी, तीन डब्यांची गाडी सुरू झाली.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ओकिनावातील रेल्वे बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाली, पण ती परत न येण्याचे कारण जमिनीचा वापर बदलणारी राजवट हे होते. दुसरा असा की, मोनोरेलची निवड ही त्या बदललेल्या भूमीशी केलेली तडजोड होती. तिसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. आज युई रेलची लांबी १७ किलोमीटर आहे. १९२३ मधील केइबिनच्या ती निम्म्याहूनही कमी भरते. कादेना, योनाबारू आणि इतोमान येथे आजही रेल्वे नाही. नाहाहून उत्तरेकडे नागोपर्यंत रेल्वे नेण्याची चर्चा दीर्घकाळ चालू आहे, पण ती प्रत्यक्षात आलेली नाही.

केइबिन रेल्वे ऊसकरी आणि बाजारकरी यांची होती. युई रेल प्रामुख्याने राजधानी आणि विमानतळ यांची आहे. परस्परसाहाय्याचे नाव धारण करणार्‍या या रेल्वेचे यश तिच्या प्रवासीसंख्येवरून मोजले जाते, ते योग्यच आहे. परंतु ज्या गावांतून एके काळी शिट्टी ऐकू येत असे, त्या गावांपर्यंत तिचे साहाय्य कधी पोहोचेल, या कसोटीवरही तिचा इतिहास पुढे तपासला जाईल.