इंजिनाचा दम वाढवण्याची विद्या

१ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर लागू झाला. हा हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजलेला नव्हता. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं एक जुनं सूत्र होतं: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक किती, याचा त्यात कुठेच हिशेब नव्हता. ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून जास्त ताकद काढण्याची जी विद्या पुढे घराघरातल्या गॅरेजांत पोचली, तिचं मूळ मला या सूत्रात दिसतं.

कर व्यासावर लागतो म्हटल्यावर कारखानदारांनी व्यास आवळला आणि स्ट्रोक लांबवला. गिऱ्हाइकाचे पैसे वाचले, पण इंजिनाची कोंडी झाली. ताकदीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह बसतात सिलिंडरच्या माथ्यावर. माथाच अरुंद असेल तर मोठे व्हॉल्व्ह बसवणार कुठे? लहान व्हॉल्व्हमधून हवा कमी येते आणि हवा कमी आली की पेट्रोलही कमीच जळतं. दुसरीकडे, स्ट्रोक लांब असल्यामुळे पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त पल्ला मारावा लागतो, म्हणून फेरे फार वाढवताही येत नाहीत. मोठं इंजिन बनवणं हा सोपा उपाय होता, पण त्यावर कर बसायचा. उरला एकच मार्ग: आहे त्या इंजिनाच्या आत जास्त हवा कशी जाईल ते पाहायचं. ब्रिटिश ट्यूनिंगचा, म्हणजे या विद्येचा, सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

या विद्येचं सगळ्यात ओळखीचं हत्यार कराच्याही आधी जन्मलं होतं. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या जोड्यांच्या व्यापारी घराण्यातला. त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक कार्बोरेटर तयार केला. त्यात हवेची वाट आपोआप लहान-मोठी करणारा भाग चक्क चामड्याच्या भात्यावर चालत असे. भाऊ कार्ल सोबत आला आणि ‘स्किनर्स युनियन’ उभी राहिली. एसयू कार्बोरेटर तो हाच. पुढे चामड्याचा भाता जाऊन धातूचा पिस्टन आला आणि १९२६ मध्ये मोटार-कारखानदार विल्यम मॉरिसने ही कंपनी विकत घेतली.

एसयूची रचना हातात घेऊन पाहावी अशी आहे. वरच्या घुमटात पिस्टन तरंगत असतो. इंजिनाने हवा ओढली की तो उचलला जातो, ओढ कमी झाली की खाली बसतो, त्यामुळे हवेचा वेग जवळपास सारखा राहतो. पिस्टनच्या तळाला एक निमुळती सुई लटकते आणि ती पेट्रोलच्या जेटमध्ये वर-खाली होते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त सुटतं. इंजिनाला कोणत्या वेळी किती पेट्रोल मिळावं हे सगळं या सुईच्या आकारात कोरलेलं असतं. म्हणून सुईची जाडी दर एक अष्टमांश इंचावर हजारांश इंचात मोजतात, आणि अशा शेकडो सुया वेगवेगळ्या खुणेच्या अक्षरांनी विकल्या गेल्या. मिश्रण तपासायची रीत तर त्याहून सोपी. इंजिन सुरू ठेवून पिस्टन अगदी किंचित उचलायचा. फेरे वाढले आणि वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडायला लागलं तर कमी आहे. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. दोन कार्बोरेटर असतील तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. कोणतंही महागडं यंत्र न घेता माणसाला इंजिनाच्या आतला कारभार कळावा, ही सोय एसयूने दिली. ही विद्या सामान्य मालकांपर्यंत पोचली त्याचं अर्धं श्रेय मी या कार्बोरेटरला देतो.

उरलेलं श्रेय एमजीचं, म्हणजे मॉरिस गॅरेजेसचं. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या गाड्यांपासून चपळ गाड्या घडवायला सुरुवात केली आणि १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला नेला. एमजीची एम-टाइप मिजेट ही ८४७ सीसीची छोटी गाडी कराच्या कागदावर ८ हॉर्सपॉवरची होती. तिचं इंजिन प्रत्यक्षात २० देत असे. १९३० मध्ये कॅमशाफ्टची वेळ बदलली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे क्षण सरकवले, आणि तेच इंजिन २७ वर गेलं. एक भाग बदलून ताकद तिसऱ्या हिश्शाने वाढते हे ज्यांनी पाहिलं, त्यांना मग चैन पडणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टनने फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर सुपरचार्जर, म्हणजे हवा जोराने आत कोंबणारा पंप, लावलेली एमजी ताशी १०० मैलांच्या पुढे नेली. ७५० सीसीच्या वर्गात हे आधी कुणी केलं नव्हतं. १९३४ च्या क्यू-टाइपने तर ७४६ सीसीतून शंभराच्या वर हॉर्सपॉवर काढले. १९३५ मध्ये मॉरिसने, म्हणजे तेव्हाच्या लॉर्ड नफील्डने, एमजी आपल्या मोठ्या कंपनीत विलीन केली आणि शर्यतींचा विभाग बंद झाला. शर्यतीच्या गाड्या बनायच्या थांबल्या, पण त्या घडवताना हाताला लागलेलं ज्ञान त्या इमारतीतच राहिलं.

याच काळात हॅरी वेस्लेक नावाचा एक्सेटरचा माणूस हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्यावरच्या झाकणावर, काम करत होता. इंजिन पळवून पाहण्याऐवजी तो हेडच्या पोर्टमधून, म्हणजे हवेच्या वाटेतून, झोत सोडायचा आणि किती हवा पार होते ते मोजायचा. पोर्टचं वळण थोडं बदलायचं, पुन्हा मोजायचं. डोळ्याला मोठा आणि गुळगुळीत दिसणारा पोर्ट कधी कधी कमी हवा सोडतो, हे अशा मोजणीतूनच कळलं. १९३५ मध्ये विल्यम लायन्सच्या एसएस कंपनीसाठी त्याने स्टँडर्ड कंपनीच्या साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या, इंजिनावर व्हॉल्व्ह माथ्यावर नेणारं नवं हेड रचलं. पंचाहत्तरच्या आसपास असलेली ताकद शंभरी ओलांडून गेली आणि पहिली ‘जॅग्वार’ नावाची गाडी बाजारात आली. १९४८ च्या एक्सके १२० मधल्या ३४४२ सीसीच्या प्रसिद्ध इंजिनाच्या हेडलाही त्याचाच हात लागला. पिस्टन, क्रँक, ब्लॉक ही इंजिनाची हाडं. ताकद हेडमध्ये असते, हे वेस्लेकने आकड्यांनी दाखवलं. माझ्या मते या कुळातला सगळ्यात मोठा माणूस तोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४८ मध्ये हॉर्सपॉवरचा कर जाऊन सरसकट १० पौंड कर आला. पण इंजिनं जुन्याच साच्यातली होती. एमजी टीसीचं १२५० सीसीचं इंजिन पाहा: व्यास ६६.५ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. शिवाय युद्धकाळापासून १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये ‘पूल’ हे एकाच हलक्या प्रतीचं पेट्रोल मिळत असे. ते जास्त दाबाखाली वेळेआधीच पेट घ्यायचं, इंजिन नॉक करायचं; म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेलं होतं. अमेरिकेत मात्र चांगलं पेट्रोल होतं, आणि टीसी, पाठोपाठ टीडी, तिथल्या तरुणांनी उचलून धरली. त्यांना ताकद हवी होती. ॲबिंग्डनने त्यांना उत्तर दिलं ते एका पुस्तिकेच्या रूपाने.

कारखान्यानेच छापलेली ही ट्यूनिंगची पुस्तिका पायरीपायरीने सांगते. पहिली पायरी: हेड खोला, त्याचा तळ ३/३२ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर, रंधून घ्या. ज्वलनकक्ष लहान होतो आणि कॉम्प्रेशन सव्वासातवरून ८.६ वर जातं. पोर्ट घासून साफ करा, मॅनिफोल्डचं, म्हणजे हेडला जोडलेल्या नळ्यांचं, भोक आणि पोर्टचं भोक तंतोतंत जुळवा, कारण मध्ये गास्केटची कड डोकावली तरी हवा तिथे अडखळते. हेड खाली आल्यामुळे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा कोन बिघडतो. म्हणून त्याच्या आधारांखाली पट्ट्या घाला. पुढच्या पायऱ्यांवर मोठे व्हॉल्व्ह, सव्वा इंचाऐवजी दीड इंची कार्बोरेटर, आणि शेवटी सुपरचार्जर. कारखाना आपल्याच गाडीची गुपितं गिऱ्हाइकाला खुली करतो, वर किती मिलिमीटर घासायचं तेही सांगतो, हे मला आजही थोर वाटतं. शर्यतींच्या विभागातलं ज्ञान या पानांतून घरोघरी गेलं. पुढे बाजारात ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ म्हणून जे साहित्य विकलं जाऊ लागलं, ते याच पायऱ्यांच्या कुळातलं.

१९५१ मध्ये ऑस्टिन ए३० या छोट्या घरगुती गाडीसाठी ए-सीरिज इंजिन आलं: ८०३ सीसी, २८ हॉर्सपॉवर. त्याचा हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष वेस्लेकचा. हेच इंजिन १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये ९४८ सीसीचं होऊन गेलं आणि पुढे मिनीत. पण त्याच्या हेडला चार सिलिंडरांसाठी हवा घेणारे पोर्ट दोनच. चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसे पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा सिलिंडर एकेका पोर्टवर. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२, त्यामुळे दुसऱ्याचं भरणं संपत असताना पहिला ओढायला लागतो आणि एकाच्या वाट्याचं मिश्रण दुसरा पळवतो. बाहेर टाकणारे पोर्ट तीन, मधल्या दोन सिलिंडरांना एक सामाईक.

या अडचणीवर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत विल्टशरमधल्या डाउनटन गावचे डॅनियल आणि बंटी रिचमंड हे जोडपं अग्रभागी होतं. त्यांच्या डाउनटन इंजिनीअरिंगमध्ये हेड हाताने घासली जात. दोन व्हॉल्व्हांच्या मधली जी टोकदार कड हवेच्या आड येते, ती बेताने मागे घ्यायची. व्हॉल्व्हच्या बैठकीजवळची किनार मोडायची. चारही कक्ष पाण्याने किंवा पातळ तेलाने भरून त्यांचं आकारमान समान करायचं. बाहेरच्या मॅनिफोल्डमध्ये मधली नळी लांब ठेवायची, म्हणजे जळका वायू एकमेकांच्या वाटेत येत नाही. मिनी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीने रिचमंडला आपला सल्लागारच केलं. १९६३ ची मिनी कूपर एस यातून घडली. कूपर एसच्या पहिल्या १०७१ सीसी इंजिनाचा व्यास ७०.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६८.२६. १९२१ च्या कराने आवळलेला व्यास इथे स्ट्रोकच्या पुढे गेला. त्यासाठी ब्लॉकमधले सिलिंडर जागेवरून सरकवावे लागले, बाहेरचे बाहेर, आतले आत. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कने याच गाडीने माँटे कार्लो रॅली जिंकली.

आपल्याकडे या घराण्याची थोरली शाखा, बी-सीरिज, वर्षानुवर्षं रस्त्यावर होती. अँबॅसडरमधलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि १९५५ च्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच कुळातलं: व्यास ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. अँबॅसडरमध्ये ते पन्नासेक हॉर्सपॉवर देई, एमजीएमध्ये सुरुवातीलाच ६८. फरक पडला तो दोन एसयू, वेगळा कॅमशाफ्ट आणि जास्त कॉम्प्रेशन यांनी. १९६२ च्या एमजीबीत व्यास ८० च्या वर गेला, इंजिन १७९८ सीसीचं झालं, पण स्ट्रोक तोच ८८.९ राहिला. लग्नाच्या वऱ्हाडाला, सरकारी साहेबाला आणि टॅक्सीवाल्याला नेणाऱ्या गाडीत एमजीचं रक्त होतं, हे आपल्या जुन्या मेकॅनिकांना सांगावं लागत नसे. हेड उतरवल्यावर ते समोरच दिसायचं.

प्रत्येक वेळी जास्त ताकद पचली असं नाही. १९५८ च्या एमजीए ट्विन कॅममध्ये १५८८ सीसीतून १०८ हॉर्सपॉवर काढले, कॉम्प्रेशन ९.९ वर नेलं, आणि पिस्टन जळून त्यांना भोकं पडू लागली. शेवटच्या गाड्यांत कॉम्प्रेशन ८.३ वर उतरवलं, तोवर नाव खराब झालं होतं. २१११ गाड्यांवर ती थांबली. कॉम्प्रेशन, स्पार्कची वेळ, पेट्रोलची प्रत आणि मिश्रण ही चारही एकमेकांना बांधलेली आहेत. एकाला हात लावला की बाकीची तिन्ही तपासावी लागतात. ट्विन कॅमचे मालक हे फार महागात शिकले.

पुढे अमेरिकेतले धुराचे नियम आले. १९७५ पासून तिथे जाणाऱ्या एमजीबीला दोन एसयूंच्या जागी एकच कार्बोरेटर मिळाला आणि कागदावर ६२.५ हॉर्सपॉवर उरले. त्यात मोजण्याची पद्धत बदलल्याचाही वाटा होता. मालकांनी पुन्हा जोड-एसयू किंवा इटालियन वेबर कार्बोरेटर बसवून गमावलेली ताकद परत मिळवली. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. ए-सीरिज मात्र मिनीबरोबर २००० सालापर्यंत बनत राहिली.

आज ज्यांच्याकडे एमजी किंवा जुनी अँबॅसडर आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न पेट्रोलचाच आहे. शिसं गेलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू लागल्या. हेड खोललंच तर कडक धातूच्या बैठकी बसवून घेणं शहाणपणाचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचं ऑक्टेन वरचं असल्याने ते थोडं जास्त कॉम्प्रेशन सहज सोसतं. पण त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. जुन्या सुईवर इंजिन तापतं आणि पिकअप खुंटतो. गाडी उभी असतानाच्या मंद फिरतीवरचं मिश्रण जेट किंचित खाली घेऊन सुधारतं, पण मधल्या वेगातली उणीव त्याने पुरती भरत नाही. तिथे एक पायरी बारीक सुई घालावी लागते. जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात, तेही त्याच वेळी बदलून घ्यावेत. एवढं झाल्यावर पिस्टन उचलून मिश्रण पाहावं, आणि मगच हेड रंधायला द्यायचं की नाही ते ठरवावं.