अकरा कोऱ्या जागा

फुटबॉलमध्ये गोल करणाराचे नाव पोरांच्या तोंडी बसते, गोल अडवणाराचेही बसते. मधे राबणाऱ्यांची आठवण मात्र ते जायबंदी झाल्यावरच होते. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी त्यांची गत! मागचा चेंडू पुढे पोचवायचा आणि पुढून आलेला हल्लाही थोपवायचा. ही मधली फळी एका दिवसात मोडली तर काय करावे? हा प्रश्न १९५८ साली इंग्लंडातल्या मँचेस्टर युनायटेड क्लबापुढे उभा राहिला.

६ फेब्रुवारीला बेलग्रेडचा सामना आटोपून संघ परतत असता म्युनिकच्या विमानतळावर विमान कोसळले. २३ माणसे गेली. त्यांत ८ खेळाडू. मधल्या फळीतले एडी कोलमन आणि मार्क जोन्स तिथेच संपले. जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचला, पण पुन्हा कधी खेळला नाही. डंकन एडवर्ड्‌स इस्पितळात मृत्यूशी झुंजत होता. व्यवस्थापक मॅट बझ्बीही तिथेच खाटेवर. वेल्सच्या संघाच्या कामासाठी मागे राहिलेल्या जिमी मर्फी या साहाय्यकावर सारा भार आला.

मर्फीने हाताशी काय आहे ते पाहिले. दुसऱ्या संघातला फ्रेडी गुडविन होता. हा गडी लँकेशायरकडून क्रिकेटही खेळलेला. त्याच्या जोडीला रॉनी कोप. अनुभव विकत आणावा लागला : ब्लॅकपूलचा ३२ वर्षांचा, ठेंगणा पण चतुर अर्नी टेलर, आणि अ‍ॅस्टन व्हिलाचा स्टॅन क्राउदर. क्राउदर त्याच हंगामात व्हिलाकडून चषकाचा सामना खेळला होता. त्याच्यासाठी नियम शिथिल करावा लागला. उरलेल्या जागा पोरांनी भरल्या. मार्क पिअर्सन तेव्हा अवघा १८ वर्षांचा.

१९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेशी गाठ पडली. छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्याच होत्या. सामना ३–० असा जिंकला; त्यांतले दोन गोल प्रथमच उतरलेल्या शे ब्रेननचे. आणि दोनच दिवसांनी एडवर्ड्‌स गेला. वय २१.

मी शाळामास्तर, पोराला वरच्या वर्गात घालताना त्याचे गुण पाहतो. पण मेलेल्या मित्राच्या जागेवर पोराला बसवताना मर्फीने काय पाहिले असेल? निकाल पाहावा तर उरलेल्या हंगामात लीगचा एकच सामना जिंकता आला. चषकाची अंतिम फेरी गाठली, पण ३ मे रोजी बोल्टनने २–० असे हरवले. टेलर आणि क्राउदर वर्ष सरण्याआधीच दुसऱ्या क्लबांकडे गेले. त्यांना दोष देऊ नये. त्यांनी वेळ निभावली, आणि ती निभावली नसती तर पोरांना वाढायला अवधीच मिळाला नसता.

वाचकहो, खरा निकाल दहा वर्षांनी लागला. २९ मे १९६८ रोजी वेम्बलीला युनायटेडने युरोपियन चषक जिंकला. त्या दिवशी मैदानात ब्रेनन होता. अपघातातून वाचलेले बिल फोक्स आणि बॉबी चार्ल्टन होते. चार्ल्टन आता मधल्या फळीचा कणा झाला होता. आणि नॉबी स्टाइल्सही होता. म्युनिकची बातमी आली, तेव्हा हा १५ वर्षांचा पोरगा त्याच क्लबात उमेदवारी करीत होता.