उपमेचे बोट धरून : फादर स्टीफन्स आणि बालकांचे धर्मशिक्षण

बालकांना धर्मशिक्षण देताना अलंकारिक भाषेचा प्रश्न पदोपदी उभा राहतो. प्रभू मेंढपाळ आहे, द्राक्षवेल आहे, जीवनाची भाकर आहे, ही वचने मूल लवकर पाठ करते. परंतु अर्थ त्याच्या हाती लागतोच असे नाही. एकतर ते वाच्यार्थाला चिकटून बसते, नाहीतर शब्द केवळ ओठांवर राहतो. जे चिन्हालाच वस्तू समजतात त्यांची बुद्धी दास्यात राहते, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी पूर्वीच देऊन ठेवला आहे. आपल्या भूमीत या प्रश्नाला कसे तोंड दिले गेले, हे पाहू गेल्यास आपली दृष्टी गोव्यातील साष्टी प्रांताकडे वळते.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथारंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवितो की, जुनी पुराणे आमच्याकडून सुटली, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्यावे. नियम आणि प्रार्थना शिकविल्या तरी मनाची भूक उरते, हे त्या विनंतीचे मर्म होय. स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांनी तिला उत्तर दिले. प्रश्नोत्तररूप शिकवणीसाठी मात्र त्यांनी कोंकणी योजिली. ते पुस्तक त्यांच्या मागे, १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुराणाच्या आरंभी त्यांनी मराठीची थोरवी गायिली आहे, ती सर्वस्वी उपमांच्या आधारे. मोगरा, कस्तुरी, मोर ही त्यांची उपमाने होत. यांतील एकही वस्तू श्रोत्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. वर्गातील एखादे मूल मात्र विचारील, ‘मराठीला वास येतो काय?’ या प्रश्नाला हसू नये, कारण पाठाचा खरा आरंभ येथेच होतो. मोगऱ्याचा सुगंध किंवा मोराचा पिसारा भाषेला नाही. आपापल्या जातीत श्रेष्ठ असणे, एवढाच येथे साधारण धर्म आहे. उपमेयाशी उपमान कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे मुलाला दिसले की अलंकार समजला. व्याख्या मागाहून दिली तरी चालते.

ही परंपरा निर्वेध चालली नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यांनी तीन वर्षांच्या आत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. घरची भाषा गेली म्हणजे घरची उपमानेही जातात, आणि मग धर्मशिक्षणात उरते ती घोकंपट्टी. तथापि पुराण लोप पावले नाही. हस्तलिखितांतून आणि श्रद्धावंतांच्या पठनातून ते टिकले, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. हुकूमापेक्षा ओवी चिवट ठरली.

आमच्या धर्मशिक्षकांनी यातून कोणता बोध घ्यावा? द्राक्षमळा न पाहिलेल्या मुलापुढे प्रथम त्याच्या परिचयाची वेल ठेवावी. गोव्यात ती मिरवेल असेल, इंदूर-ग्वाल्हेरकडे परसातील दुधीची असेल. तोडलेला फाटा काय होतो, असे विचारावे. ‘सुकतो’ हे उत्तर मुलाकडूनच यावे. त्यानंतर सीमाही दाखवावी : मिरवेल दुसऱ्या झाडाच्या आधाराने चढते, प्रभू कोणाच्या आधारावर उभा नाही. एवढे झाल्यावरच मूळ वचनाकडे जावे, आणि पॅलेस्टाईनच्या डोंगरउतारावरील द्राक्षमळ्याचे वर्णन करावे. अन्यथा आपली वेलच मूळ वचनाची जागा घेऊन बसेल.

दाखला हे बालकाच्या हाती दिलेले बोट आहे. ते धरून त्याने चालावे, आणि जेथे पोहोचावयाचे तेथे पोहोचल्यावर बोट सोडावे. हे दोन्ही त्याला शिकविणे आपल्याकडे सोपविलेले आहे.