मराठी विद्यार्थी आणि इंग्रजी सर्वनामे

परभाषा शिकू लागलेला विद्यार्थी प्रथम नामे पाठ करतो आणि पुढे क्रियापदांशी झगडतो. सर्वनामे म्हणजे बोटांवर मोजण्याजोगे शब्द, ते एका दुपारी येऊन जातील, अशी त्याची समजूत असते. इंग्रजीची सर्वनामे खरोखरच थोडी आहेत. परंतु सर्वनाम तोंडून निघण्यापूर्वी बोलणाऱ्याला आपण कोण, समोरचा कोण आणि दोघांत अंतर किती हे ठरवावे लागते, आणि हे अंतर मोजण्याची मापे प्रत्येक भाषेची निराळी असतात. इंग्रजीची मापे हाती घेताना मराठी विद्यार्थ्याला आपल्या मापांचे काय करावे लागले, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. वस्तुतः आजच्या मराठी गद्याच्या काही सवयींचा उगम त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मराठी भाषिकांच्या इंग्रजी अध्ययनाची कथा मुंबईपासून सांगण्याची चाल आहे. एल्फिन्स्टनच्या नावाची संस्था, बाळशास्त्री जांभेकर, १८३२ साली निघालेले ‘दर्पण’, असा तो क्रम ठरून गेलेला आहे. पण मुंबईत इंग्रजी शाळांचे बस्तान बसण्यापूर्वीच कावेरीकाठी एक मराठी राजपुत्र इंग्रजी शिकून तयार झाला होता. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी (१७७७–१८३२) याचे पालकत्व ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे होते. पुढे मद्रासेत गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. म्हणजे शिकणारा मराठी, शिकविणारे जर्मन आणि शिकावयाची भाषा इंग्रजी. गुरू आणि शिष्य दोघांनाही ती परकीच. जर्मन भाषेत जवळच्यासाठी एक आणि मानाच्या माणसासाठी दुसरे असे द्वितीय पुरुषाचे भेद आहेत, मराठीतही आहेत. भेद नव्हता तो फक्त त्या इंग्रजीत, जी दोघांमधला दुवा होती.

१७९८ साली श्वार्ट्झ निवर्तला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. गुरूच्या समाधीवरील शिळेवर एक लहानसा इंग्रजी पद्यलेख आहे. तो सरफोजीने स्वतः रचल्याचे सांगितले जाते, आणि हिंदी माणसाने केलेल्या इंग्रजी पद्यरचनेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. काव्य म्हणून त्याची योग्यता बेताचीच आहे. सर्वनामे मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. मृत गुरूला उद्देशून त्यात ‘यू’ नाही, ‘दाऊ’ आहे, आणि त्याच शब्दाची ‘दी’ व ‘दाय’ ही रूपे आहेत. स्वतःसाठी राजाने ‘वुई’ योजलेले नाही. ‘आय’, ‘मी’ आणि ‘माय’ ही एकवचनेच वापरली आहेत. शिवाय गुरूला त्याने पिता म्हटले आहे.

हीच भावना मराठीत व्यक्त करावयाची असती तर राजापुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या असत्या. सिंहासनावरील पुरुषाने ‘मी’ म्हणण्याची रीत नव्हती. मराठी राजपत्रांची भाषा ‘आम्ही’ची. आणि पित्याला ‘तू’ म्हणण्याचीही रीत नव्हती. मराठी घरात आई ‘तू’ असते, देव ‘तू’ असतो, लेकरू आणि गडीमाणूसही ‘तू’च असतात, वडील मात्र सामान्यतः ‘तुम्ही’. सरफोजीच्या काळी इंग्रजीतले ‘दाऊ’ व्यवहारातून जवळजवळ उठून गेले होते. ते उरले होते प्रार्थनेत, कवितेत, काही प्रांतांच्या बोलीत आणि क्वेकर पंथीयांच्या तोंडी. राजाने ते अर्थातच प्रार्थनेतून आणि कवितेतून उचलले. परंतु त्यामुळे त्याला जे साधले ते विलक्षण आहे. परक्या भाषेच्या आडोशाला राजाला ‘मी’ होता आले आणि पित्याला ‘तू’ म्हणता आले. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला, आणि ‘आम्ही’ म्हणण्याजोगे राजेपण तसेही फारसे उरले नाही. पण त्या ‘मी’चे कारण तेवढेच मानणे हे शिष्याच्या शोकावर अन्याय करणारे होईल.

मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्याची गाठ कवितेशी नंतर पडली. आधी पडली ती कोष्टकाशी. त्या काळी इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडली मरे, असे समीकरण होते. १७९५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे व्याकरण इंग्लंड-अमेरिकेत असंख्य वेळा छापले गेले आणि हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांतही शिकविले जाई. त्यातील सर्वनामांच्या तक्त्यात एकवचनी ‘आय, दाऊ, ही-शी-इट’ आणि अनेकवचनी ‘वुई, यी किंवा यू, दे’ अशी मांडणी होती. मरे स्वतः क्वेकर होता. राजा असो वा रंक, सर्वांना ‘दाऊ’च म्हणावे, कारण ईश्वरापुढे सारे सारखे, असा त्या पंथाचा आग्रह, त्यापायी त्यांच्या पूर्वजांनी पुष्कळ रोष ओढवून घेतला होता. इंग्रज समाजाने समता साधली ती उलट मार्गाने, सर्वांना ‘यू’ म्हणून. मराठी विद्यार्थी तक्ता घोकत होता तेव्हा त्याच्या पुस्तकात एक इंग्रजी होते आणि साहेबाच्या तोंडी दुसरेच.

तक्ता मात्र मराठीशी सुरेख जुळला. मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते. सहा घरे, सहा शब्द. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आणि त्यानंतरच्या शालेय व्याकरणांवर इंग्रजी चौकटीचा ठसा आहे, हे सर्वमान्य आहे. संज्ञा मात्र संस्कृतातून घेतल्या गेल्या, आणि तेथे एक मौजेचा पालट झाला. पाणिनीच्या लेखी ‘सर्वनाम’ म्हणजे ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका गणातील शब्द. विशिष्ट विभक्तिरूपे घेतात म्हणून ते एकत्र आलेले. त्यांत ‘अस्मद्’, ‘युष्मद्’ आहेत, तसे ‘अन्य’, ‘पूर्व’, ‘दक्षिण’ही आहेत. ‘नामाबद्दल येणारा शब्द’ ही कल्पना ग्रीकांची. ती लॅटिनमधून इंग्रजीत आणि तेथून मराठी शाळेत आली. शब्द पाणिनीचा राहिला आणि अर्थ ग्रीकांचा झाला. पुढच्या पिढ्यांतील शिक्षक तर सर्वांची नामे होतात म्हणून ‘सर्वनाम’, अशी फोड निःशंकपणे सांगू लागले.

नामाबद्दल सर्वनाम येते, ही व्याख्या ‘तो’ला लागू पडते, ‘मी’ला कितपत पडते हा वाद आहे. पण खरी अडचण झाली ती ‘आपण’ची. सहा घरांच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मराठीत ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ यांत ऐकणाऱ्याचे भवितव्य ठरते: पहिल्या वाक्याने तो मागे राहतो, दुसऱ्याने त्याला चप्पल घालावी लागते. हा भेद गुजरातीत आहे आणि द्राविडी भाषांत आहे. तंजावरच्या मराठी माणसाला तो शेजारच्या तमिळ बोलण्यातही रोज ऐकू येत असला पाहिजे. इंग्रजीचे ‘वुई’ या बाबतीत मुके आहे. शिवाय ‘आपण’ हे आदराचे संबोधन आहे आणि स्वतःकडे वळणारे सर्वनामही आहे. एका शब्दाची ही तीन कामे शालेय व्याकरणाने ‘आत्मवाचक’ या एका शिक्क्याखाली ठेवली आणि उरलेल्या दोहोंची वाट टिपणीतून काढून दिली. इंग्रजीतून मराठीत धर्मग्रंथ आणणाऱ्या मिशनऱ्यांना हा भेद चांगलाच जाणवला असणार. प्रार्थनेत देवाला पिता म्हणताना ‘आमच्या’च म्हणावे लागते, कारण प्रार्थना करणाऱ्यांत देव स्वतः नाही, पण उपदेशक श्रोत्यांना देवाविषयी सांगतो तेव्हा ‘आपला’ पिता म्हणणेच योग्य. व्याकरणाने कोपऱ्यात ठेवलेला शब्द भाषांतरकाराच्या वाटेत दर पानाला येऊन उभा राही.

मराठी विद्यार्थ्याला सर्वांत अवघड गेले असेल ते ‘यू’. गव्हर्नरलाही ‘यू’ आणि दारच्या शिपायालाही ‘यू’! भाषेने दिलेली ही समता राज्यव्यवस्थेत कोठेच नव्हती. म्हणून विद्यार्थ्याने आपली मापे मागच्या दाराने आत आणली. हिंदी माणसाच्या इंग्रजी अर्जाची जी शैली पुढे थट्टेचा विषय झाली, तिच्यात साहेबाला ‘यू’ म्हणणे टाळून ‘युवर ऑनर’ म्हणत आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेवीत; स्वतःला ‘आय’ न म्हणता नम्र अर्जदार म्हणत. अशी पदे इंग्रजांच्याही दरबारी लेखनात होती हे खरे. पण ‘महाराजांनी कृपा करावी’ आणि ‘सेवकाची विनंती’ या वळणावर वाढलेल्या माणसाने तीच नेमकी उचलली आणि सोडली नाहीत. थट्टा करणाऱ्यांना त्यात केवळ लाचारी दिसली. त्यामागे एक व्याकरणही होते, आणि ते पाणिनीच्या ‘भवत्’इतके जुने होते.

तृतीय पुरुषात अडचणी निराळ्या होत्या. दगड तो, भिंत ती, पुस्तक ते, या तीन लिंगांच्या घरातून आलेल्या मुलाने सारे निर्जीव जग एका ‘इट’मध्ये लोटावयाचे होते. ते त्याला जमले. ‘पाऊस पडतो’ म्हणताना पाऊस वगळून कोणत्याच वस्तूचा निर्देश न करणारे ‘इट’ कर्तेपदी बसविणेही तो सरावाने शिकला. घराघरांत पोहोचलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने हा सराव पिढ्यान्‌पिढ्या करवून घेतला: इकडचे वाक्य तिकडे आणि तिकडचे इकडे. आणि या येरझाऱ्यांतच मराठीचे एक मोलाचे साधन बोथट झाले.

‘गोविंदाने हरीला आपले पुस्तक दिले’ आणि ‘गोविंदाने हरीला त्याचे पुस्तक दिले’ ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात पुस्तक गोविंदाचे, हे निर्विवाद. दुसऱ्यात ते हरीचे किंवा तिसऱ्याच कोणाचे. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज’. मराठीतून इंग्रजीत जाताना हा भेद गळून पडला, तो इंग्रजीचा दोष. पण परत येताना विद्यार्थी ‘हिज’ला ‘त्याचे’ लिहू लागला, आणि हळूहळू भाषांतर करीत नसतानाही तसेच लिहू लागला. ‘तो त्याच्या घरी गेला’ हे वाक्य आज कोणाला खटकत नाही. ‘मी आपले काम केले’ हे मात्र जुनाट वाटते. त्याच्या जागी ‘मी माझे काम केले’ आले आहे. कर्ता कोणत्याही पुरुषाचा असो, त्याच्याकडे अचूक बोट दाखविणारे ‘आपला’ हे सर्वनाम संस्कृतातील ‘स्व’च्या तोलाचे होते. इंग्रजीने नवी सर्वनामे शिकविली त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती स्वतःची सर्वनामे वापरण्याचा सराव सुटला याबद्दल. मराठीची शुद्धी राखू पाहणाऱ्यांनी शब्दांच्या परकेपणावर जितकी शाई खर्च केली, तिचा दशांशही या गोष्टीवर केला नाही.

या साऱ्या व्यवहारात स्त्रीची स्थिती आणखी निराळी होती. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतून बोलणारा पुरुष की स्त्री हे लगेच उघड होते; इंग्रजीचे ‘आय’ ते सांगत नाही. पण त्याहून मोठा प्रश्न ‘ही’चा होता. पतीचे नाव घेणे निषिद्ध, आणि पुष्कळ घरांत नुसते ‘ते’ही फार उघडे वाटे. मग ‘इकडून सांगणे झाले’, ‘स्वारी बाहेर गेली आहे’ अशी वळणे. दिशादर्शक अव्ययाला सर्वनामाच्या कामी लावणारी ही भाषा कोणत्याही व्याकरणाच्या तक्त्यात आली नाही, तरी घरोघर तिचे नियम कडकपणे पाळले जात. अशा घरातील मुलगी इंग्रजी शिकू लागली की पहिल्याच धड्यात तिला ‘ही’ म्हणावे लागे, आणि तो शब्द शाळेतला पोऱ्या, रस्त्यावरचा भिकारी आणि घरधनी या सर्वांना एकच.

रमाबाई रानडे (१८६२–१९२४) अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि पतीपाशी आधी मराठी, मग इंग्रजी शिकल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्याला किती विरोध होता आणि तो त्यांनी किती मुकाट्याने सोसला, हे त्यांच्या आठवणींतून सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्रजी शिकलेल्या या बाईने १९१० साली पुस्तक लिहिले ते मराठीत, आणि नाव दिले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. विषय न्यायमूर्ती रानडे. पुस्तकाच्या नावात मात्र त्यांचे नाव नाही. ‘त्यांच्या’ नाही, ‘माझ्या’ही नाही, आहे ते ‘आमच्या’. हे अनेकवचन त्या दोघांचे आहे, की स्वतःला ‘मी’ म्हणण्याच्या संकोचाचे आहे? बहुधा दोन्ही. ते ‘आपल्या’ नाही, म्हणजे वाचक त्यात नाही. त्याला उंबऱ्याशी उभे राहून ऐकावयाचे आहे.

या पुस्तकाचे इंग्रजी रूपांतर कॅथरिन व्हॅन एकिन गेट्स यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘हिमसेल्फ’: एक नुसते सर्वनाम, तेही आत्मवाचक. आयर्लंडच्या इंग्रजीत घरच्या यजमानाचा निर्देश याच शब्दाने होतो, आणि मराठी पत्नीच्या संकोचाला त्याहून जवळचा इंग्रजी शब्द सापडणे कठीण. पुढे १९६३ साली कुसुमावती देशपांडे यांचे भाषांतर निघाले, ‘रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’. त्यात पतीचे आडनाव आरंभीच उच्चारलेले आहे, आणि पत्नी ‘हिज’च्या आश्रयाने आली आहे. मूळ नावातील ‘आमच्या’ला या दोहोंपैकी एकाही नावात जागा मिळालेली नाही.