फार्मर, पॉल एडवर्ड

(२६ ऑक्टोबर १९५९–२१ फेब्रुवारी २०२२). अमेरिकन वैद्य व मानवशास्त्रज्ञ. जन्म नॉर्थ अॅडम्स (मॅसॅचूसेट्स) येथे. ड्यूक विद्यापीठातून पदवी घेतल्यावर (१९८२) त्यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात वैद्यक व मानवशास्त्र यांचे शिक्षण बरोबरीने घेतले आणि १९९० मध्ये एम्.डी. व पीएच्.डी. या पदव्या संपादन केल्या.

१९८३ मध्ये ते हैतीत गेले. पेलिग्र धरणामुळे (१९५६) जमिनी बुडालेल्या शेतकऱ्यांची कांज ही वस्ती त्यांचे कार्यक्षेत्र बनली. १९८७ मध्ये त्यांनी ओफीलिया डाल, जिम याँग किम प्रभृतींसह ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था स्थापन केली.

क्षयरोगी उपचार अर्धवट सोडतात याचे कारण करणीवरील विश्वास होय, असे समजले जाई. फार्मर यांनी कांज परिसरात रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांना औषधे विनामूल्य मिळत; एका गटास त्याशिवाय पोषक आहार, अल्प अर्थसाहाय्य व गृहभेटी यांचा लाभ दिला. या गटात रोगमुक्तीचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. करणीवर विश्वास असण्या-नसण्याने मात्र फरक पडला नाही. दारिद्र्याचे परिणाम संस्कृतीच्या माथी मारू नयेत, हा त्यांच्या विचारांचा गाभा येथूनच सिद्ध झाला. योहान गाल्टुंग यांची ‘संरचनात्मक हिंसा’ ही संकल्पना त्यांनी रोगांच्या विवेचनास लावली. ही संकल्पना अतिव्यापक असून तीत भिन्न कारणे एकत्र मिसळतात, असा आक्षेप काही मानवशास्त्रज्ञांनी घेतला.

‘एड्स अँड अॅक्यूझेशन’ (१९९२) या ग्रंथात त्यांनी एड्सचा दोष हैतीवासीयांवर ठेवणाऱ्या प्रवृत्तीची चिकित्सा केली. विषाणू अमेरिकेतून हैतीत आला हे त्यांचे अनुमान २००७ मधील आनुवंशिकीय संशोधनाशी जुळत नाही. तथापि रोगाचे खापर एखाद्या समाजावर फोडण्यावरील त्यांची टीका त्यामुळे निष्प्रभ ठरत नाही. ‘इन्फेक्शन्स अँड इनइक्वॅलिटीज’ (१९९९) आणि ‘पॅथॉलॉजीज ऑफ पॉवर’ (२००३) हे त्यांचे अन्य प्रमुख ग्रंथ होत.

बहुऔषधरोधी क्षयरोगावरील उपचार गरीब देशांना परवडणारे नाहीत, हे मत लिमा (पेरू) येथील कार्याने खोटे ठरविले. तेथे उपचार पुरे केलेले बहुसंख्य रुग्ण बरे झाले. एड्सवरील विषाणुरोधी औषधेही त्यांनी १९९८ पासून कांज येथे गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेवकांमार्फत दिली.

२००९ पासून ते हार्व्हर्डच्या जागतिक आरोग्य व सामाजिक वैद्यक विभागाचे प्रमुख होते. रुआंडातील बुटारो येथे, अध्यापन व रुग्णसेवा चालू असतानाच, त्यांचे निधन झाले.